हा खोकला औषधाने का जात नाही?

मागील आठवड्यात आपण दम्याच्या पंपाविषयीचे गैरसमज पाहिले. तो लेख वाचून एक गृहस्थ दवाखान्यात आले व म्हणाले, "डॉक्टर, आमच्याकडच्या एका पोराला पंप दिला, तरी खोकला जात नाही. असे का?" चौकशी करता कळले की मुलगा त्यांचा नव्हे, त्यांच्या यंत्रमागावर कामाला आहे. वय विचारले तर "असेल सोळा-सतरा" असे उत्तर मिळाले. मी त्यांना मुलाला घेऊन यायला सांगितले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते. ते पुरते द्यायचे तर मला २००१ सालात जावे लागेल व स्वतःची एक चूकही सांगावी लागेल.

त्या वेळी दवाखाना सुरू करून मला तीन-चार वर्षे झाली होती. एक बाई आपल्या मुलाला घेऊन आल्या. "पोराचा खोकला जाईना बघा, डाक्तर. दोन बाटल्या झाल्या." मी तिसरी बाटली दिली. मग प्रतिजैविकाचा कोर्स झाला. खोकला तसाच. क्षयाची शंका आली म्हणून थुंकी तीन वेळा तपासली, जंतू मिळाले नाहीत. छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ. हिमोग्लोबिन आठ निघाले, म्हणून लोहाच्या गोळ्या व जंताचे औषध दिले. आई मध्येच एकदा म्हणाली, "मामाच्या गावाला चार दिवस ऱ्हायला की बरा असतोय. आला की दुसऱ्या दिवशी पुन्हा ढास." मी म्हणालो, "हवापालट मानवतो त्याला." रोगाचे निदान त्या माउलीने माझ्यापुढे आणून ठेवले होते आणि मी ते हवापालटावर ढकलून दिले.

पुढच्या खेपेला मी त्याचा कान तपासत होतो. कानात मळाऐवजी कापसाची लव निघाली. मग पाहिले तर भुवयांत, केसांच्या मुळाशी, सदऱ्याच्या शिवणीत सगळीकडे पांढरी लव होती.

"काय रे, कुठे कामाला जातोस?"

"कांडी भरायला. रातपाळीला."

"वय काय तुझं?"

त्याने माझ्याकडे पाहिले व म्हणाला, "तुमीच तर चिठ्ठी दिली हुती न्हवं, चौदा पुरी म्हणून."

खरेच दिली होती. काही महिन्यांपूर्वी एक मुकादम तीन मुलांना घेऊन आला होता. खात्याचा माणूस तपासणीला आला तर दाखवायला कागद हवा, असे म्हणाला. मी मुलांची उंची पाहिली, दात पाहिले, आणि 'चौदा वर्षे पूर्ण दिसतात' असे लिहून सही केली. वयाबद्दल वाद निर्माण झाला तर त्याचा निर्णय सरकारने नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने द्यायचा असतो, हे मला ठाऊक होते. परंतु 'दिसतात' एवढेच तर लिहितो आहोत, असे त्या वेळी वाटले. शाळेचा दाखला मागवल्यावर मुलगा बारा वर्षांचा निघाला.

आता त्या खोकल्याकडे वळू. कापूस गिरणीत येतो तेव्हा तो दिसतो तसा निव्वळ पांढरा नसतो. त्यात पानांचा चुरा, बोंडाच्या टरफलाचे कण व त्यांवर वाढलेले सूक्ष्म जंतू असतात. कापूस फोडताना व पिंजताना, म्हणजे ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यांत, हा सारा कचरा हवेत उडतो. आपल्याला दिसणारी मोठी लव नाकात व घशात अडकते. ती त्रासदायक असली तरी खरी दुष्ट नव्हे. दुष्ट ती डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ. ती थेट खोल श्वासनलिकांपर्यंत पोहोचते. जंतूंच्या आवरणातील विषारी द्रव्य तिच्याबरोबर जाते व नलिका आतून सुजून आवळतात. या विकाराला बायसिनोसिस म्हणतात. सूत तयार होऊन मागावर येईपर्यंत हा कचरा बराच गळून गेलेला असतो. त्यामुळे विणकाम खात्यात हा विकार कार्डिंगपेक्षा कमी आढळतो, पण आढळत नाही असे मुळीच नाही. शिवाय सायझिंगच्या खळीची भुकटी तेथे असतेच.

या विकाराची खूण मोठी चमत्कारिक आहे. बहुतेक आजारांत विश्रांतीनंतर माणसाला बरे वाटते आणि काम वाढेल तसा त्रास वाढतो. येथे सुट्टी संपवून माणूस पहिल्या दिवशी कामावर गेला की तीन-चार तासांनी छाती आवळल्यासारखी होते, खोकला व धाप सुरू होते. दुसऱ्या दिवशी त्रास कमी, तिसऱ्या दिवशी जवळजवळ नाही. इंग्लंडमध्ये रविवारी सुट्टी, म्हणून तेथे याला सोमवारचा ताप किंवा सोमवारची छाती म्हणत. आपल्याकडे ज्या गावाची सुट्टी ज्या वारी, त्याच्या दुसऱ्या दिवशी हा त्रास होतो. पहिल्या पायरीवर हा प्रकार अधूनमधून होतो, मग दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मग इतर दिवशीही. अखेरीस सुट्टी असो वा नसो, दम कायमचा वस्तीला येतो. एक्स-रेमध्ये विशेष काही दिसत नाही. त्यामुळे कोणी दमा म्हणतो, कोणी विडीचा खोकला म्हणतो, आणि थुंकीत जंतू नसताना क्षयाची औषधे महिनोन्महिने खाणारे कामगार मी पाहिले आहेत.

सुरुवातीच्या पायऱ्यांवर धूळ सुटली की विकार उतरतो. शेवटच्या पायरीवर तो उतरत नाही. बाटली, पंप, गोळी यांनी थोडा आराम पडतो, परंतु या आजाराचे खरे औषध धुळीपासून दूर जाणे हेच आहे. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढचे सगळे त्याच्याभोवती फिरते.

पूर्ण विकसित बायसिनोसिस व्हायला बहुधा बरीच वर्षे लागतात. मग बारा वर्षांच्या पोराची एवढी चिंता का, असे एका मागमालकाने मला विचारले होते. उत्तर असे की मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नव्हे. मोठा माणूस स्वस्थ बसला असता मिनिटाला बारा ते सोळा वेळा श्वास घेतो, दहा-बारा वर्षांचे मूल वीसच्या आसपास घेते. वजनाच्या मानाने त्याच्या फुप्फुसात मोठ्यापेक्षा जास्त हवा जाते, आणि हवेत जे असेल तेही जास्त जाते. दुसरे म्हणजे फुप्फुसे अजून वाढीला लागलेली असतात. मुलींमध्ये साधारण अठरापर्यंत व मुलांमध्ये विशीच्या सुरुवातीपर्यंत ती वाढतात. त्यानंतर वाढ नाही, वयाबरोबर हळूहळू उतारच. विशीपर्यंत जी पुंजी जमेल तीवर उरलेले आयुष्य काढायचे असते. जमवण्याच्या वयातच जो खर्च करू लागला, त्याला पस्तिशीत साठीचा दम लागला तर नवल नाही. शिवाय बाराव्या वर्षी कामाला लागलेल्या मुलाची धुळीतील दहा वर्षे बाविसाव्या वर्षीच भरतात.

धुळीबरोबर आवाजाचाही उल्लेख करायला हवा. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या वर सहज जातो. तेथे वर्षानुवर्षे काम करणाऱ्याचे कान हळूहळू जातात, आणि गेलेले परत येत नाहीत. प्रथम बारीक स्वर जातात, त्यामुळे 'स' आणि 'त' यांतला फरक कळेनासा होतो. मागावरची माणसे घरीही ओरडून बोलतात, यावर आपण विनोद करतो. त्या आवाजात वाढलेले मूल शाळेत परत बसवले तर गुरुजी त्याला 'मंद' म्हणून मागच्या बाकावर पाठवतात.

डॉक्टरने रुग्णाला धंदा विचारावा, हे सांगणारा पहिला मोठा वैद्य म्हणजे इटलीचा बर्नार्दिनो रामाझिनी. १७०० साली त्याने कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत 'तू काय काम करतोस?' हा एक वाढवा, असे त्याने लिहिले. त्याच ग्रंथात अळशी व तागाचे धागे पिंजणाऱ्यांच्या न थांबणाऱ्या खोकल्याचे वर्णन आहे. म्हणजे मी २००१ मध्ये जे विचारले नाही, ते तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले होते.

दाखल्याची चूकही माझी एकट्याची नव्हे, हे पुढे वाचनात आले. याने समाधान होत नाही, पण माहिती रंजक आहे. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना मनाई झाली (रेशमाच्या गिरण्या वगळून), आणि नऊ ते तेरा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा आली. सगळ्या देशासाठी निरीक्षक अवघे चार होते. जन्मनोंदणी तेव्हा तेथे सुरू झालेली नव्हती, म्हणून मुलाचे वय डॉक्टरने अंगकाठी पाहून लिहून द्यायचे. मग काय झाले असेल ते सांगायला नको. लहान मुले भराभर 'नऊ वर्षांची' होऊ लागली. शेवटी १८३७ मध्ये एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने शेकडो मुलांचे दात मोजून दाखवले की उंचीपेक्षा दातांवरून वय बरे कळते.

आपल्या मुंबईची गोष्ट फार वेगळी नाही. १८८१ चा पहिला कारखाना कायदा आला तेव्हा सात वर्षांखालील मुलांना बंदी झाली आणि सात ते बारा वयाच्या मुलांकडून नऊ तास काम घेण्यास मोकळीक राहिली. १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ वर्षांवर गेली, आणि नऊ ते चौदा वयाच्या मुलांना सात तास ठरले. या सुधारणेसाठी 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र आणले. आठवड्याच्या सुट्टीचे श्रेयही त्यांच्या चळवळीकडे जाते. मुंबईतील स्वस्त मजुरी लँकशायरच्या गिरणीमालकांनाही खुपत होती व त्यांनीही या कायद्यांसाठी जोर लावला, हे खरे आहे. मुलांच्या फुप्फुसांना त्याने काही फरक पडत नव्हता.

पुन्हा त्या मुलाकडे येतो. मी आईला सांगितले, "याचं काम आजपासून बंद. हेच औषध." ती गप्प राहिली. मग म्हणाली, "उचल हाय की, डाक्तर." मुलाच्या बापाने मागावर लागताना आठ हजार रुपये उचल घेतली होती. तो पाठीच्या दुखण्याने घरी बसला, आणि त्याच्या जागी मुलगा उभा राहिला. दर आठवड्याला मजुरीतून काही कापले जाई, सणाला थोडी नवी उचल मिळे, आकडा तेथेच राही. दाराला कुलूप नव्हते, पहारेकरी नव्हता. पोरगे रोज सकाळी स्वतःच्या पायांनी घरी येत होते आणि रात्री परत जात होते. अशा कामाला वेठबिगारी म्हणतात, हे तेव्हा माझ्या डोक्यात आले नाही. वेठबिगारी म्हटले की साखळदंड डोळ्यांपुढे येतात.

वैद्यकीय दृष्टीने मला यात सर्वांत वाईट वाटते ते असे. या आजारात बरे होण्याची मुदत सुरुवातीची काही वर्षेच असते, आणि उचल नेमकी तीच वर्षे खाते. धूळ सोडणे हे औषध, पण कर्ज फिटेपर्यंत धूळ सोडता येत नाही. ते फिटते तेव्हा औषध लागू पडण्याची वेळ निघून गेलेली असते.

हे बंधन नेहमी आधी दिलेल्या पैशानेच होते असे नाही. तामिळनाडूत कोईमतूर, तिरुपूर, ईरोड या भागांतील सूतगिरण्यांमध्ये 'सुमंगली' नावाची योजना चालत असे. नाव ऐकायला किती छान! गरीब घरच्या किशोरवयीन मुलींनी गिरणीच्या वसतिगृहात राहून साधारण तीन वर्षे काम करायचे, आणि शेवटी तीस ते पन्नास हजारांची ठोक रक्कम घ्यायची, म्हणजे लग्नाचा खर्च निघेल. मुदत संपण्याआधी घरी गेली तर पुष्कळदा ती रक्कम बुडे. २०११ मध्ये नेदरलँड्समधील दोन संस्थांनी याविषयी अहवाल प्रसिद्ध केला तेव्हा जगभर चर्चा झाली. डॉक्टर म्हणून मला दिसते ती दुसऱ्या वर्षी आजारी पडलेली मुलगी. तिच्यापुढे फुप्फुस की लग्नाचा पैसा, असा हिशोब असतो, आणि सोळाव्या वर्षी हा हिशोब कोणालाही बरोबर जमणार नाही. जरीकामात तर मुलेच दूरवरून आणलेली असतात. २००५ मध्ये मुंबईत जरीच्या खोल्यांवर छापे पडले आणि शेकडो मुले सोडवली गेली, त्यांतील बरीच बिहारची होती. तेथे धूळ कमी, पण अंधाऱ्या खोलीत दिवसभर मांडी घालून, मान वाकवून बारीक टाके घालायचे. डोळे, मणके आणि उन्हाअभावी हाडे, तिन्हींचे नुकसान. "मुलांची बोटे नाजूक, त्यांनाच हे जमते," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मोठ्या माणसाला तेवढ्या पैशात राबवता येत नाही, हे त्यामागचे खरे कारण.

कायदा थोडक्यात असा. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने अशी उचल फेडण्याची जबाबदारीच रद्द झालेली आहे, आणि तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. दिल्लीतील एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे हीसुद्धा वेठ ठरवली. बालमजुरीचा कायदा १९८६ चा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात कामाला ठेवता येत नाही, आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक काम देता येत नाही. शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत करण्याची सवलत आहे, काम धोक्याचे नसेल तर. घरात चार माग असलेल्यांना मी एवढेच सांगतो की माग काकांचा आहे की परक्याचा, हे धुळीला कळत नाही.

पूर्वीइतकी लहान मुले आता आमच्या भागात शेडमध्ये दिसत नाहीत, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. जगातही आकडा उतरतो आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना व युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२० मध्ये १६ कोटी मुले मजुरीला होती, २०२४ मध्ये ती १३ कोटी ८० लाखांवर आली. तरी एवढे मोठे आकडे वाचून आपण पान उलटतो, आणि शेजारच्या शेडमधला एक मुलगा आपल्याला दिसत नाही.

दोन समजुतींबद्दल लोक नेहमी विचारतात. नाकाला रुमाल बांधला तर? रुमाल मोठी लव अडवतो, बारीक धूळ नाही. गूळ खाल्ला तर? गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात. गूळ जरूर खा, पण त्याच्या भरवशावर धुळीत उभे राहू नका. त्यापेक्षा केरसुणीने झाडणे व यंत्रावर हवा मारणे बंद करून ओल्या फडक्याने पुसणे, धूळ ओढून घेणारे यंत्र बसवणे, विडी-सिगारेट सोडणे यांचा उपयोग जास्त होतो. झाडलोटीचे काम पोरांना देतात, कारण ते 'हलके' असते. धूळ सर्वांत जास्त उडते ती नेमकी त्याच वेळी.

तो मुलगा पुढे आमच्याकडे यायचा बंद झाला. मी मुकादमाशी भांडलो, चिठ्ठी परत मागितली, त्याने हसून दिलीही. दुसऱ्या कोणाकडून नवी मिळत असावी. गेल्या वर्षी एक धिप्पाड माणूस खुर्चीत बसला आणि दोन वाक्यांमध्ये श्वास घ्यायला थांबला. "वळखलं न्हाई व्हय, डाक्तर?" मधल्या काळात त्याने एका सूतगिरणीच्या कार्डिंग खात्यात कंत्राटावर बारा वर्षे काढली होती. मी त्याला पीक फ्लो मीटर फुंकायला दिले. त्याच्या उंचीला साडेपाचशेच्या पुढे यायला हवे होते, काटा तीनशेच्या आसपास थांबला. त्याने विचारले, "आता काम सोडलं तर बरं हुईल का?" मी म्हणालो, "आहे तिथं थांबेल. गेलेलं येणार नाही." त्याने मान हलवली. मला त्या चिठ्ठीबद्दल काही बोलायचे होते, पण त्याला ती आठवत होती असे दिसले नाही. आता तो घडी व पॅकिंगच्या कामाला आहे. औषधे चालू आहेत. बायसिनोसिस हा भरपाईच्या कायद्यातील यादीत असलेला व्यवसायजन्य रोग आहे, म्हणून त्याचा अर्जही केला आहे.

कापड, सूत किंवा जरीच्या धंद्यातील कोणाला जुना खोकला असेल तर डॉक्टरांनी विचारो न विचारो, कामाचे नाव, खाते आणि कितव्या वर्षापासून करता हे आपणहून सांगावे. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी त्रास वाढतो का, गावाला गेल्यावर उतरतो का, हेही सांगावे. लहान मूल कामाला असेल तर १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक आहे. तो फुकट लागतो.

पीक फ्लो मीटर ही प्लॅस्टिकची एक साधी नळी असते. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी कामावर जाण्यापूर्वी उभे राहून पूर्ण श्वास घ्यावा, ओठ घट्ट लावून एकदम जोरात फुंकावे. असे तीनदा करून सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवावा. पाळी संपल्यावर पुन्हा तसेच. आकडा दहाव्या हिश्शाने किंवा अधिक उतरला असेल तर कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. आमच्या दवाखान्यात हे मीटर टेबलावरच ठेवलेले असते, फुंकून पाहण्याचे पैसे घेत नाही. सुरुवातीला ज्यांचा उल्लेख केला ते गृहस्थ त्या मुलाला घेऊन अजून आलेले नाहीत.